जोडी फोडली: एका टॉकीजच्या दोन मशिनांचं प्रकरण

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावात घडलेलं हे प्रकरण आहे. गावाचं आणि टॉकीजचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. माणसंही त्यांच्या कामावरून किंवा त्यांना मारायच्या हाकेवरूनच ओळखायची. मी त्या वेळी तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह होतो, त्यामुळे लांबून बघणाऱ्याचा अलिप्तपणा माझ्याकडे नाही. यातला सगळ्यात महागात पडलेला निर्णय माझाच आहे.

पार्श्वभूमी

टॉकीज स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातली. तिकीट खिडकीमागच्या खोलीत पहिला परवाना चौकटीत लावलेला होता आणि त्यावर जिल्हा 'पूर्व खानदेश' असा छापलेला होता. खाली स्टॉल, वर बाल्कनी आणि बाल्कनीच्या डोक्यावर मशीनची केबिन. केबिनला आतून दार नव्हतं. मागच्या बोळातून लोखंडी जिना चढून जावं लागायचं. लहानपणी आम्हाला वाटायचं, पोरं आत घुसू नयेत म्हणून ही सोय. खरं कारण आग. जुनी नायट्रेट फिल्म एकदा पेटली की जळायला लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवते. मग तिच्यावर पाणी ओता की वाळू टाका, ती विझत नाही. १९५० नंतर सहज न पेटणारी सेफ्टी फिल्म रुळली, तरी केबिनी त्या जुन्या भीतीच्या मापानेच बांधल्या जात राहिल्या. जाड भिंती, बाहेर उघडणारं लोखंडी दार, वाळूच्या लाल बादल्या. पडद्याकडच्या प्रत्येक झरोक्यावर पत्र्याची झडप टांगलेली असे, आत उष्णता वाढली की तिची कडी वितळून झडप आपोआप खाली यावी अशी. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, तेव्हा आमच्या ऑपरेटरने पेपरातली ती बातमी कापून केबिनच्या दारावर चिकटवली होती.

ऑपरेटर म्हणजे नाना. त्यांची सुरुवात तंबूतली. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे येणाऱ्या टुरिंग टॉकीजमध्ये ते पोरवयात रिळं गुंडाळायला लागले. मग एका उस्तादाच्या हाताखाली आर्क, म्हणजे मशीनचा दिवा, सांभाळायला शिकले, सरकारी परवाना काढला आणि ह्या टॉकीजमध्ये आले ते कायमचेच. बोलायला लागले की अहिराणी, पण रिळाच्या डब्यावर खडूने लिहायचे ते इंग्रजी आकडे.

प्रिंटच्या पेट्या भुसावळहून यायच्या. बाहेरच्यांना हे ठाऊक नसतं, पण हिंदी सिनेमाच्या धंद्यातही भुसावळ हे जंक्शनच आहे. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं मुख्य कार्यालय तिथलं. सीपी-बेरार सर्किटचे, म्हणजे ह्या वितरण विभागाचे, वितरक भुसावळ आणि अमरावतीला बसायचे. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे नाव सरकारी नकाशावरून केव्हाच गेलं, सिनेमावाल्यांच्या तोंडी मात्र राहिलं. मोठ्या शहरांत फिरून आलेली प्रिंट आमच्यापर्यंत पोचायची तेव्हा तिच्यावर ओरखड्यांचा पाऊस पडलेला असायचा. 'पेटी आली का?' हा गुरुवारी संध्याकाळी गावात विचारला जाणारा खरा प्रश्न. पोस्टर काय, आधीच लागलेलं असायचं.

जोडी म्हणजे काय

पुढचं सगळं ज्यावर अडलं, ते इथे थोडं सविस्तर सांगणं भाग आहे.

केबिनमध्ये ३५ मिलिमीटरची दोन मशिनं होती, कार्बन आर्कवर चालणारी. पांढऱ्या ऑइलपेंटने एकावर '१' आणि दुसऱ्यावर '२' रंगवलेलं. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी पळते. एका फुटात १६ चौकटी, म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला ९० फूट. अडीच तासांचा पिक्चर म्हणजे साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरच्या वर फिल्म. एवढी एका स्पूलवर मावत नाही. हजार फुटांची दोन रिळं जोडून डबल रीळ करायचं, ते बावीस मिनिटं चालायचं. अडीच तासांच्या पिक्चरला अशी सात. एक मशीन सातवं रीळ संपेपर्यंत एकटं चालू शकत नाही, कारण रीळ बदलायला थांबलं की पडदा काळा आणि थिएटरात शिट्ट्या. म्हणून एकावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं चढवून ठेवायचं आणि शेवटी प्रेक्षकाला न कळता एकावरून दुसऱ्यावर उडी मारायची. सात रिळांचे सहा सांधे, त्यातला एक इंटरवलमध्ये लपायचा, उरले पाच. बारा-तीन-सहा-नऊचे चार खेळ धरले तर दिवसाला वीस वेळा ही उडी.

त्याची खूण फिल्मवरच असते. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो. तो पाहिला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका. तो दिसला की मशीनच्या उजेडापुढची झडप ओढायची. आमच्याकडे दोन्ही मशिनांच्या झडपा एका दोरीने बांधलेल्या होत्या. दोरी ओढली की एकाचा उजेड बंद आणि त्याच झटक्यात दुसऱ्याचा चालू. नाना त्या दोरीला 'जू' म्हणायचे.

मी एकदा, दहावीच्या सुट्टीत, नऊच्या खेळाला वर बसलो होतो. मे महिना, बाहेर रात्रीही गरम वारा, केबिनमध्ये तर भट्टी. नानांनी दोन नंबरच्या दिव्याची पेटी उघडली, तांब्याचा मुलामा असलेल्या कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर आणल्या, टेकवल्या, आणि जरा मागे घेतल्या. फट्ट आवाज होऊन मधल्या फटीत पांढरा गोळा पेटला. लहान काळ्या काचेतून ते त्याच्याकडे बघत राहिले आणि डाव्या हाताने कांडीचा स्क्रू केसभर फिरवत राहिले. कांडी जळून आखूड होते, अंतर वाढतं, आणि अंतर वाढलं की पडदा पिवळा पडतो. मग ते झरोक्याशी गेले. ठिपका मला दिसलाच नाही. त्यांचा हात हलला तेवढा दिसला. खाली बाल्कनीत कुणीतरी शेंगा सोलत होतं, त्याचं डोकंसुद्धा वर झालं नाही.

भिंतीपलीकडच्या खोलीत रेक्टिफायर होता, लाइनची वीज डीसी करून आर्कला देणारा. आमच्याकडचा जुना, पाऱ्याचा. काचेचा मोठा फुगा, त्याला अष्टपादासारखे काचेचे हात, तळाशी पाऱ्याचं तळं. चालू असताना त्या तळ्यावर एक ठिणगी वेड्यासारखी नाचायची आणि सगळी खोली निळ्या-जांभळ्या उजेडाने फडफडायची.

२००५ नंतर देशात सॅटेलाइटवरून पिक्चर यायला लागले. आमच्याकडे डिजिटल प्रोजेक्टर आला तो दोन्ही मशिनांच्या मधोमध, स्लाइडच्या झरोक्याशी बसवला. ज्या झरोक्यातून सराफाच्या आणि छत्रीवाल्याच्या काचेच्या स्लाइड पडायच्या, त्यातून आता अख्खा पिक्चर पडायला लागला. एक आणि दोन नंबर दोन्ही बाजूंना गोणपाट पांघरून उभे राहिले. नाना रोज सकाळी गोणपाट काढून पुसायचे आणि परत घालायचे. पुढे काही वर्षांनी टॉकीजच बंद झाली.

अडचण

मोठे शेठ वारले. मागे दोन मुलगे आणि सुरतेला दिलेली मुलगी. जागा बाजारपेठेतली, भाव चांगला आला, तिघांनी मिळून विकून टाकली. खरेदीखतात एक साधं वाक्य होतं: इमारत 'आतील सर्व सामानासह'. कुणाच्या मनात मशीन नव्हतं. शेठच्या धाकट्या मुलाला विचारलं तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मला वाटलं खुर्च्या आणि पंखे."

घेणाऱ्या बिल्डरने पाडकामाचा ठेका दिला आणि ठेकेदाराने आतला माल एका भंगारवाल्या चाचांना उचलून दिला. म्हणजे मशिनांचे मालक तीन आठवड्यांत चार झाले होते आणि त्यातल्या कुणालाही आपण काय विकलं किंवा घेतलं हे माहीत नव्हतं.

नाना वाचनालयात पेपर वाचायला यायचे. एका सकाळी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले की गॅस कटर सोमवारी येतोय. तो दिवस शनिवार होता, पण लगेचचा सोमवार नाही, त्याच्या पुढचा. हातात नऊ दिवस होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सिनेमाच्या धंद्यात भंगार ही काही नवी गोष्ट नाही. कृष्णधवल फिल्ममधली चांदी काढायला जुन्या प्रिंट किलोने विकल्या गेल्या. १९३१ साली आलेला आपला पहिला बोलपट 'आलम आरा' आज बघायला मिळत नाही. ज्या धंद्याने पिक्चरच जपले नाहीत, त्याने पिक्चर दाखवायचं लोखंड कशाला जपावं, असं कमिटीतल्या एका आप्पांचं म्हणणं होतं. त्यांना उत्तर देणं मला तेव्हा जमलं नाही.

दुसरा, मुंबईच्या शोभेच्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला देणं. हॉटेलांत, मॉलमध्ये जुनी प्रोजेक्टर उभी करायची हौस आली होती. पैसे भंगारापेक्षा बरे मिळाले असते आणि मशीन वाचलंही असतं. पण व्यापाऱ्याला फोनवर विचारलं तेव्हा त्याला पेटी आणि लेन्स हवी होती, खालचा स्टँड आणि आवाजाचं डोकं नको होतं. 'वजन वाढतं,' म्हणाला.

तिसरा, पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. १९६४ ला सुरू झालेली ही संस्था, पी. के. नायरांनी जिथे आयुष्य घातलं ती. आम्ही धरून चाललो की तिथे फिल्म, पोस्टर, फोटो घेतात, तालुक्यातलं मशीन कोण घेणार. विचारलं मात्र नाही. एक पत्र, एक फोन, काहीही केलं नाही. नकार मिळाला असता तरी कदाचित कुणीतरी सांगितलं असतं की उतरवताना काय जपायचं.

चौथा, बिल्डरलाच गळ घालायची की नव्या कॉम्प्लेक्सच्या प्रवेशदारात मशीन ठेवा. तो ऐकून घेणारा माणूस होता. 'नक्की बघू,' म्हणाला. खानदेशात 'नक्की बघू'चा अर्थ सगळ्यांना कळतो.

पाचवा, वाचनालयाने घेणं. शेवटी हाच उरला.

निर्णय: एक की दोन

कमिटीची बैठक मंगळवारी झाली. ठराव सोपा होता, मशीन वाचनालयाच्या व्हरांड्यात आणायचं. वाद जागेवरून झाला. व्हरांडा अरुंद, खाली शहाबादी फरशी, एका बाजूला बालविभागाची कपाटं. प्रत्येक मशीन चार माणसांना न हलणारं. दोन ठेवायची तर कपाटं हलवायची, फरशीखाली काँक्रीट घालायचं. त्यात चाचांनी भंगाराच्या भावाने पैसे मागितले होते. त्यांचं चूक नव्हतं, त्यांनीही ठेकेदाराला मोजले होते. दोन्हीचे पैसे वर्गणीतून जमणार नव्हते, निदान नऊ दिवसांत नाही.

मी म्हणालो, "दोन्ही सारखीच तर आहेत. लोकांना दाखवायला एक पुरे."

बैठकीला नानांना मुद्दाम बोलावलं होतं. ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होते. ते म्हणाले, "जोडी शे ती, भाऊ. एकच बैलवर गाडी चालस का?"

लोक हसले. मीही हसलो. म्हातारा माणूस, मशीनवर जीव, त्यामुळे असं बोलणारच, असं आम्ही धरलं. खरं तर ते भावनेचं नव्हतंच, ते यंत्राचं बोलत होते. दिवसाला वीस वेळा चालायचं ते काम दोघांमध्ये होतं, कुठल्याही एकात नव्हतं. हे कळायला मला केबिन रिकामी व्हावी लागली.

दोन नंबर घ्यायचं ठरलं. कारण ते दाराजवळ होतं आणि वरून कमी गंजलेलं दिसत होतं. ह्याहून खोल कारण नव्हतं. नानांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की शेवटची काही वर्षं एक नंबर नीट चालावं म्हणून दोन नंबरचे सुटे भाग काढून तिकडे घातलेले होते.

काय केलं

शुक्रवारी उतरवलं. एका गॅरेजवाल्याने चेन-पुली दिली, हमालीला भाजी मार्केटमधले चौघं आले. दिव्याची पेटी, वरचा-खालचा स्पूल बॉक्स, डोकं, आवाजाचा भाग, स्टँड, असे तुकडे केले. नाना प्रत्येक नट-बोल्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीवर खडूने आकडा टाकत होते. ही एक गोष्ट आमच्याकडून अगदी बरोबर झाली आणि ती त्यांच्यामुळे. दिव्याच्या पेटीत आतून लावलेले करडे पत्रे अॅस्बेस्टॉसचे असणार हे तालुक्याच्या आयटीआयमधल्या एका निदेशकाने वेळेवर सांगितलं. ते न फोडता, ओल्या फडक्यात गुंडाळून तसेच राहू दिले.

गडबडीत दोरी कापली गेली. दोन नंबर हलवायला ती आडवी येत होती. एका पोराने कात्री घातली आणि कोपऱ्यात फेकली.

पाऱ्याच्या रेक्टिफायरचं काय करायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. तो कुठल्याच यादीत नव्हता. दुपारी नाना आत गेले, तो काचेचा फुगा सोडवून गोधडीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन रिक्षात बसले, बाळंतिणीने पोर घ्यावं तसे. रिक्षा वाचनालयापर्यंत नीट आली. तेव्हा आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. आज लिहिताना मला ते कौतुक आठवून घाम येतो. बसस्टँडसमोरच्या एका खड्ड्यात तो फुटला असता तर रिक्षात, कपड्यांवर, रस्त्यावर पारा सांडला असता आणि आमच्यातल्या एकालाही पुढे काय करायचं हे माहीत नव्हतं. तो फुगा जागेवरच ठेवून, खोलीला कुलूप लावून, आधी माहितगार माणूस आणायला हवा होता. सुदैव हे काही कार्यपद्धतीत धरता येत नाही.

आणि सगळे वर लोखंडाशी झटत असताना खालची ऑफिसची खोली उघडी होती. तिथे डीसीआरच्या, म्हणजे रोजच्या गल्ल्याच्या हिशेबाच्या वह्या होत्या. रोजच्या प्रत्येक खेळाची स्टॉल-बाल्कनीची तिकिटं, करमणूक कर, निव्वळ गल्ला, वितरकाचा हिस्सा. करमणूक कर १ जुलै २०१७ ला जीएसटीत विरला, पण त्याच्या आधीची सगळी वर्षं त्या वह्यांत होती. कापसाला भाव असलेल्या दिवाळीत बाल्कनी किती भरायची, पोळ्याला कुठला खेळ रिकामा जायचा, ह्या गावाच्या खिशाचा हिशेब दुसऱ्या कुठे मिळणार नाही. त्या शुक्रवारी दुपारीच त्या वह्या रद्दीच्या हातगाडीवर चढल्या. मी त्या गाडीला जिन्याजवळ वाट करून दिली. गाडीत काय आहे हे बघितलं नाही.

सोमवारी गॅस कटर आला.

निष्पत्ती

दोन नंबर व्हरांड्यात उभं राहिलं. जोडायला नाना आणि आयटीआयची तीन पोरं, तीन आठवडे. आर्क पेटवणं शक्य नव्हतं. कार्बन मिळत नाहीत, धुराला धुराडं लागतं, आणि बालविभागाशेजारी उघडी आग कोण परवानगी देणार. दिव्याच्या जागी एलईडी बसवला. नानांच्या ट्रंकेत ट्रेलरचे काही तुकडे होते, त्यांचा लूप करून चालवून बघितला.

चित्र नाचत होतं. सारखं, वर-खाली, बारीक. कारण शोधायला मशीनचं डोकं उघडलं तेव्हा सगळ्यांना पहिल्यांदा ते भाग दिसले ज्यांच्यावर सिनेमा उभा असतो: चार खाचांचं, फुलीसारखं चाक आणि त्याला टोचणारी खिळी. खिळी एकदा फिरली की चाक पाव फेरा फिरतं आणि फिल्म एक चौकट खाली येते. उरलेला पाऊण वेळ फिल्म स्तब्ध उभी असते आणि त्या स्तब्ध चौकटीवर पंख्यासारखी पाती दोनदा उजेड सोडते. आपण हलतं चित्र बघतो म्हणतो, पण पडद्यावर उजेड असतो तो फिल्म थांबलेली असतानाच. आमच्या दोन नंबरच्या चाकाच्या खाचा झिजलेल्या होत्या. चांगलं चाक एक नंबरमध्ये होतं.

नाना आणि मी चाचांच्या वाड्यावर गेलो. स्टँडचे चार तुकडे झालेले. मोटरचं तांबं त्याच दिवशी गेलेलं. डोक्याचं बीड फोडून ढिगात मिसळलेलं. चाचांनी स्वतः ढिगात हात घालून शोधलं. लेन्स मिळाली, कारण काचेला भंगारात भाव नाही. स्पूल बॉक्सचं एक झाकण मिळालं, त्यावरचा '१' अर्धा. चाक नाही. पैसे द्यायला गेलो तर चाचांनी घेतले नाहीत. "पहले बोलते तो दोनों अलग रख देता," म्हणाले.

पुढे एका लेथवाल्याने जुनं चाक समोर ठेवून नवं कापून दिलं. तिसऱ्या प्रयत्नात चित्र बरंच स्थिर झालं, नानांच्या मते अजूनही 'थोडं थंडी वाजल्यासारखं' आहे. आवाज लागलाच नाही. ऑप्टिकल आवाजाची पट्टी चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे छापलेली असते, आणि लूप कसाही जोडला की ओठ एकीकडे आणि शब्द एकीकडे. आम्ही नाद सोडला. रेक्टिफायरचा फुगा आयटीआयच्या प्रयोगशाळेत बंद कपाटात आहे, बंद स्थितीत, आणि तो तसाच राहावा.

वेगळं काय करता आलं असतं

खरेदीखत होण्याआधी शेठच्या मुलांकडून एका ओळीचं पत्र मिळालं असतं तर सगळं फुकट आणि दोन्ही मिळालं असतं. त्यांचा विरोध नव्हता, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. गाव टॉकीज बंद झाल्याचं दुःख दोन वर्षं चहाच्या टपरीवर करत होतं आणि त्या दोन वर्षांत एकही माणूस त्यांच्या दारात गेला नाही. त्यात मीही आलो.

दोन्ही घेता आली नसती, तर निदान एकाची निवड ऑपरेटरने करायला हवी होती. कमिटीत इंजिनिअर होते, वकील होते, दोन निवृत्त हेडमास्तर होते. मशीन चालवलेला माणूस एकच होता आणि तो स्टुलावर होता.

जागेचा प्रश्न मला तेव्हा अटळ वाटला होता. पण एक नंबर कुणाच्याही गोठ्यात ताडपत्रीखाली वर्षभर राहू शकलं असतं. 'आत्ता मांडायला जागा नाही' आणि 'ठेवायला जागा नाही' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मंगळवारच्या बैठकीत कुणी वेगळं काढलं नाही. पैशाचंही तसंच. चाचांना थोडी मुदत मागितली असती तर त्यांनी दिली असती, हे त्यांनीच नंतर सांगितलं.

वह्यांचं तर काहीच अवघड नव्हतं. एका माणसाला खाली खुर्ची टाकून बसवायचं होतं.

आणि उतरवण्याआधी केबिन जशी होती तशी मोजून, फोटो काढून ठेवायला हवी होती. मशिनांमध्ये किती पावलं, झरोका किती उंचीवर, दोरी कुठून कुठे. आमच्याकडे शुक्रवारचे शेकडो फोटो आहेत. सगळ्यांत माणसं चेन-पुली ओढताना हसतायत. दोरी एकातही नाही.

आजची स्थिती

हे शेवटचं मोजमाप नंतर मिळालं, पण नानांच्या पायांतून. व्हरांड्यातलं मशीन चालायला लागल्यावर एक दिवस ते रंगाचा डबा घेऊन आले. दोन नंबरच्या शेजारी उभे राहिले, डोळे मिटून डावीकडे तीन पावलं टाकली, वळले, थांबले. मग वाकून फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटने एक लांबट चौकोन काढला आणि त्यात '१' लिहिलं. बालविभागाचं एक कपाट त्यात अर्धं येत होतं. ते आम्ही हलवलं. इतकं सहज हललं की मला बैठकीतलं माझं भाषण आठवलं.

शाळेच्या सहली येतात. पोरं पहिल्यांदा विचारतात ते हेच, की एक नंबर कुठे आहे. "आठे उभा व्हता," नाना सांगतात, आणि चौकोनात जाऊन उभे राहतात. दोन नंबरच्या झडपेला नवी सुती दोरी बांधली आहे, तिचं दुसरं टोक कपाटाच्या मागच्या खिळ्याला आहे. ते पोरांना भिंतीच्या उजव्या वरच्या कोपऱ्याकडे बघायला सांगतात. तिथे काहीच नसतं. "पहिला ठिपका," म्हणतात, आणि आयटीआयचा पोरगा दोन नंबरची मोटर चालू करतो. पोरं मोठ्याने सातपर्यंत मोजतात. मग नाना दोरी ओढतात आणि समोरच्या भिंतीवर उजेड पडतो.